न बिघडलेल्या गाड्यांची वही

माझ्याकडे सात वह्या आहेत. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याच्या, आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात पानं उलटणाऱ्या अंगठ्याचा काळा ठसा. पहिली १९८३ची, शेवटची २०१४ची. सून म्हणते, "बाबा, त्या कपाटातल्या चादरींनासुद्धा गॅरेजचा वास लागलाय." लागला असेल. तीस वर्षं ज्या टॅक्सींना हात लावला, त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी आणि औषधपाणी त्या वह्यांत आहे. एका गाडीला चार पानं. वर नंबरप्लेटचे चार आकडे, खाली तारखा, तारखेपुढे काम.

परवा पहिली वही उघडून बसलो. वाटलं होतं, पानोपानी 'तुटला', 'फाटला', 'इंजिन उतरवलं' असं दिसेल. तेही आहेच. पण सगळ्यात जास्त वेळा लिहिलेत ते दोनच शब्द : 'पाहिला, ठीक'. पट्टा पाहिला, ठीक. होज पाहिला, ठीक. ब्रेक ऑइल पाहिलं, ठीक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटचे फोटो झाले, ती सिनेमांत दिसली, ती गेली तेव्हा लोक हळहळले. पण एवढीशी गाडी दोन-दोन पाळ्यांत, पाच-पाच, सात-सात लाख किलोमीटर चालली कशी, हे सांगायला कुणी बसत नाही. बसणार तरी कसा? 'पाहिला, ठीक' यात सांगण्यासारखं घडतं काय?

माझा जन्म संगमेश्वर तालुक्यातला. १९६९ साली, पंधराव्या वर्षी, मुंबईला मामाकडे आलो. मामाचं गॅरेज सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक टपरी, एक पिंपळ आणि त्याच्या सावलीत मावतील तेवढा रस्ता. तेव्हा लाइनीवर दोन जातींच्या टॅक्सी होत्या. 'मोठी' म्हणजे डॉज, प्लायमाउथ वगैरे अमेरिकी धुडं आणि लँडमास्टर. 'छोटी' म्हणजे फियाट. मुंबईत मोटारची टॅक्सी आली १९११ साली, घोड्याच्या व्हिक्टोरियाच्या जोडीला. मी आलो तेव्हा व्हिक्टोरिया अजून होत्या, पण मोठ्या टॅक्सींचा काळ सरत आला होता. पेट्रोल फार प्यायच्या.

फियाट होती परदेशी रक्ताची, पण जन्मली कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. विशाखापट्टणमची जहाजाची गोदी, बंगळूरचा विमानाचा कारखाना आणि वालचंदनगरची साखर, हा त्याच माणसाचा पसारा. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या, मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. पहिली गोलमटोल ११०० आली तिला लोकांनी 'डुक्कर फियाट' करून टाकलं. शेठलोक त्यात बसायचे तरी नाव डुक्करच. मग १९६४ साली चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली आणि टॅक्सीलाही लागली. सत्तरीत तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि थोड्याच काळात 'प्रीमियर पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावावरून. आमच्या गल्लीत मात्र शेवटपर्यंत कुणी पद्मिनी म्हटलं नाही. 'फियाट लावली', 'फियाट खोलली', बस्स.

गाडी साधी होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसेक घोड्यांची ताकद, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की आतली प्रत्येक वस्तू दिसायची आणि दिसली की हाताला लागायची. ब्लॉक बिडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. हे हेड लक्षात ठेवा, पुढे ते फार त्रास देणार आहे.

तिला टिकवणं हा तेव्हा कुणाचा छंद नव्हता. लायसन्स-परमिटचा जमाना. नवी गाडी पैसे भरून लगेच मिळायची नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणजे जी आहे तीच चालवायची. आणि टॅक्सी चालायची दोन पाळ्यांत. सकाळी एक ड्रायव्हर, संध्याकाळी दुसरा. दोघांची घरं एकाच इंजिनावर, शिवाय मालकाची रोजची रक्कम. दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर. घरच्या गाडीला जे अंतर तोडायला पाच वर्षं लागतात ते टॅक्सी एका वर्षात तोडायची, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लालबागच्या सिग्नलवर उभी राहून. गाडी एक दिवस पिंपळाखाली थांबली की तीन घरांचा चुलीचा प्रश्न. त्यामुळे ड्रायव्हर मेस्त्रीकडे येणार तो पाळी बदलताना, अर्ध्या तासासाठी, तेही इंजिन चालू ठेवून.

मामा मोडलेलं जोडण्यात वस्ताद. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात क्लचप्लेट बदलणारा माणूस. पण मोडण्याआधी बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "चालतंय ना? मग हात लावू नको," हे त्याचं शास्त्र. धंदाही तसाच होता. बंद पडलेल्या गाडीचे पैसे मिळतात; चालत्या गाडीकडे नुसतं बघितल्याचे कोण देणार?

हे बदललं ते संपामुळे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभरात आमच्या गल्लीत गिरणीतली माणसं काम मागत फिरू लागली. त्यातले एक वयस्क गृहस्थ मामाने ठेवून घेतले. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकलेली. त्यांना आम्ही बुवा म्हणायचो. गिरणीत ते ऑइलर होते, म्हणजे सबंध खात्यातून हातात तेलाची बुधली घेऊन फिरणारे. खात्यात सगळ्यात कमी मान त्या माणसाला. बुवा सांगायचे, "साहेब यायचा तो मशीन बंद पडल्यावर. मी जायचो तेव्हा मशीन चालू असायचं, म्हणून मला कुणी बघितलंच नाही."

बुवांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामाला विचारलं, "या गाडीचं तेल मागच्या वेळी कधी बदललं?" मामाला सांगता येईना. ड्रायव्हरला सांगता येईना. मीटर बघावा तर स्पीडोमीटरची केबल तुटलेली. बऱ्याच गाड्यांची तुटलेलीच असायची, कारण त्या काट्याकडे ड्रायव्हरचं लक्ष नसे, त्याचं लक्ष भाड्याच्या मीटरकडे. दुसऱ्या दिवशी बुवांनी लालबागहून लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि माझ्या हातात दिली, कारण मला लिहिता येत होतं.

किलोमीटर मोजता येत नव्हते, म्हणून आम्ही दिवस मोजले. आणि दिवस लक्षात राहावेत म्हणून बुवांनी एकादशी धरली. पंधरवड्याला एक एकादशी, पंधरवड्यात सव्वादोन ते तीन हजार किलोमीटर. गरमीत, धुळीत, थांबत-थांबत चालणाऱ्या पेट्रोलच्या इंजिनाला तेवढ्यावर तेल बदली करणं अगदी रास्त होतं. हिशेब बुवांच्या उपासाचा, पण उतरला मेस्त्रीच्या ताळ्यात. बुवा साबुदाणा खायचे आणि गाड्यांना नवं तेल मिळायचं. आमचे एक गिऱ्हाईक होते खेडचे चाचा, स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. रमजानमध्ये रोजे धरून गाडी हाकायचे. ते गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक मारून ओरडायचे, "मेस्त्री, तुमची एकादस कदी हाय?" मी पंचांग बघून सांगायचो.

सुरुवातीला ड्रायव्हर लोक हसले. तेल काळं झालेलं नाही, मग कशाला बदलायचं? उलट काही जण गाडी तेल खाते म्हणून वरून थोडं-थोडं ओतत राहायचे आणि समजायचे की ओतलं तेच नवं. बुवांनी वाद घातला नाही. त्यांनी एका खोललेल्या इंजिनाचं चेंबर दाखवलं. चेंबरच्या तळाशी बोटभर काळा चिखल, श्रीखंडासारखा घट्ट. "हे वरून ओतलेलं तेल," एवढंच म्हणाले. त्या महिन्यात वहीत सहा गाड्या वाढल्या.

हळूहळू वर्षाची घडी बसली. पंधरवड्याला तेल, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट साफ, पट्ट्याचा ताण. महिन्याला पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसिंग, ब्रेकची जुळणी, गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगच्या तेलाची पातळी. मृग निघायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, पावसाळ्याची तयारी : प्लगच्या वायरी बदलायच्या, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर रबर चढवायचं, वायपरचा जोड बघायचा, दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करायची, आणि काढून ठेवलेलं काळं तेल गाडीच्या पोटाखाली फवारायचं. हा शेवटचा प्रकार घाणेरडा, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा वाचवणारा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तो सडला की इंजिन कितीही गोड वाजो, गाडी संपली. त्यानंतर दसरा. दसऱ्याला हार-झेंडू सगळेच घालायचे. आम्ही खंडेनवमीला सगळे पाने धुऊन मांडायचो आणि त्या दिवशी कुठलीच गाडी खोलायची नाही, हा नियम. आणि वर्षातून एकदा पासिंग.

पासिंग म्हणजे ताडदेव आरटीओची फिटनेस तपासणी. त्याआधीचे आठ दिवस गल्लीत लग्नघर. डेंटिंग, पेंटिंग, काळा आणि पिवळा रंग नवा, सीटचं रेक्झिन नवं. गंमत अशी की पासिंगला गाडी वरून कोरी दिसायची आणि वर्षभर कुणी खाली वाकून बघितलेलं नसायचं. आमच्या वहीतल्या गाड्यांना पासिंगच्या आठवड्यात फक्त रंग लागायचा. माझा सगळ्यात मोठा अभिमान तो.

आता एक काम जवळून दाखवतो, म्हणजे 'पाहिला, ठीक' यात काय असतं ते कळेल. टॅपेट.

इंजिनात आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या डोक्यावर एक रॉकर आणि दोहोंच्या मधे कागदाएवढी फट. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, त्यासाठी ती फट ठेवलेली. काम करायचं ते थंड इंजिनावर, म्हणून पहाटे पाचला, रात्रपाळीची गाडी येऊन दोन तास निवल्यावर. वरचं झाकण काढायचं. गॅस्केट जपून, कारण नवं मिळेलच असं नाही. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलतात, एक मिटतो आणि एक उघडतो, त्या क्षणी थांबायचं. तेव्हा पहिल्याचे दोन्ही मोकळे असतात. पहिल्याचे जुळवायचे. मग दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. फीलर गेजची पाती फटीत घालायची आणि ओढायची. तुपाच्या डब्यातून सुरी ओढल्यासारखी आली पाहिजे. सुळकन आली तर सैल, अडली तर घट्ट. चेकनट आवळताना फट पुन्हा बदलते, म्हणून आवळून पुन्हा ओढायची. आठ वेळा.

आता यातली मेख. सैल टॅपेट वाजतो, टकटक करतो. ड्रायव्हर वैतागून स्वतःच येतो, "मेस्त्री, आवाज बंद करा." घट्ट टॅपेट वाजत नाही. गाडी उलट जास्त शांत होते. पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याच्या कडेवरून जळता वायू निसटत राहतो आणि महिना-दोन महिन्यांत कड करपून तुकडा पडतो. मग हेड खोला, व्हॉल्व्ह बदला, सीट घासा. दोन दिवस गाडी पिंपळाखाली. बोलणारा टॅपेट बरा, गप्प बसणारा धोक्याचा. मी मुलांना शिकवताना सांगायचो, आवाज आला म्हणून गाडी खोलणारे मेस्त्री खूप आहेत. आवाज का येत नाही म्हणून खोलणारा एखादाच.

तसंच पाण्याचं. ॲल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक गरमीत सारखे वाढत नाहीत. गाडी एकदा जरी उकळली तरी हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं आणि डिपस्टिकवर दुधी चहासारखा फेस येतो. ड्रायव्हर उकळलेल्या रेडिएटरमध्ये फुटपाथच्या नळाचं थंडगार पाणी ओततो, तेव्हा तर विचारूच नका. चार रुपयांचा होज, थोडा ढिला पट्टा, नाहीतर रेडिएटरच्या नळ्यांत जमलेला क्षार, एवढ्यावरून हजारोंचं काम निघायचं. वहीत 'होज पाहिला, ठीक' लिहिताना मी होज नुसता बघितलेला नसायचा, दाबून बघितलेला असायचा. आतून सडलेलं रबर वरून चकचकीत दिसतं, दाबलं की कुरकुरतं.

सुट्या भागांचे दोन बाजार. नव्यासाठी ऑपेरा हाऊस, जुन्यासाठी कुर्ला. ज्या कुर्ल्यात गाडी बनली त्याच कुर्ल्यात ती तोडलीही जायची. भंगारवाल्यांच्या दुकानांत गिअरबॉक्स फळ्यांना फणसांसारखे लटकलेले. नकली मालाचाही सुळसुळाट. नकली पॉइंट ओळखायची बुवांची एक युक्ती होती : नवा पॉइंट बसवायचा, फट अठरा थाऊ, म्हणजे इंचाचे अठरा हजारांश, लावायची आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजायची. अस्सल असेल तर फट तेवढीच. नकलीची टाच झिजलेली, फट निम्म्यावर. वहीमुळे हे कळलं. वही नसती तर आम्हीही म्हटलं असतं, 'गाडी जुनी झाली, मिसिंग मारते'.

मग डिझेल आलं. ऐंशीच्या शेवटापासून पेट्रोल परवडेनासं झालं, डिझेल बरंच स्वस्त. मालकांनी फियाटमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायला सुरुवात केली; पुढे कंपनीनेही डिझेल पद्मिनी काढली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. फियाटला उरली ती टॅक्सी, आणि टॅक्सीला लागलं डिझेल.

आमच्या धंद्याची सवय मोडली ती या डिझेलच्या काळात. डिझेलला प्लग नाही, पॉइंट नाही, कार्बोरेटर नाही. ड्रायव्हर म्हणाला, मग बघायचं काय? पंधरवड्याची फेरी महिन्यावर गेली, महिन्याची दोनवर. इंजिन जड, पुढच्या स्प्रिंगा बसल्या. थडथडीने माउंटिंगची रबरं फाटली, बॉडीचे जोड उघडले. एअर फिल्टर भरला की कुणी धुवायचं नाही, काढूनच टाकायचं. नोझल थेंब-थेंब गळायला लागलं की ते साफ करण्याऐवजी पंप वाढवून घ्यायचा, म्हणजे इंधन जास्त सोडायचं आणि ओढ आणायची. मग मागून काळा लोट. तो धूर म्हातारपणाचा नव्हता, न धुतलेल्या फिल्टरचा आणि न तपासलेल्या नोझलचा होता. पण रस्त्यावरच्या माणसाला ते कसं कळणार? त्याच्या नाकात धूर गेला आणि समोर जुनी गाडी दिसली. त्याने जे अनुमान काढलं ते मीही काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या वहीतल्या गाड्याही त्या काळात धूर मारायच्या. थोडा कमी, एवढंच.

१९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. डिसेंबरात न्यायालयाने व्ही. एम. लाल समिती नेमली, एप्रिल २०००मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या डिझेल टॅक्सी एकतर गेल्या, नाहीतर सीएनजीवर आल्या. कुर्ल्याहून नवी पद्मिनी निघणंही त्याच सुमाराला थांबलं.

गॅसने हवा सुधारली यात शंका नाही. पण आमच्या कामात एक जुनी गोष्ट नव्या रूपात आली. शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा त्यातलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला मऊ गादीसारखं सांभाळायचं. ते फेब्रुवारी २०००पासून देशभर बंद झालं, चांगलंच झालं. गॅस तर अगदी कोरडा. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे पुन्हा तोच गप्प टॅपेट. गाडी लोण्यासारखी चालतेय म्हणून ड्रायव्हर खूश, आणि आत व्हॉल्व्ह जळतोय. मी टॅपेटची पाळी दर दुसऱ्या एकादशीला आणली. बुवा तोवर गेले होते, पण एकादशी राहिली.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवसापासून गाड्या दोरीला बांधून यायला लागल्या. शीव, कुर्ला, हिंदमाता. प्रत्येक ड्रायव्हरची एकच घाई, स्टार्टर मारून बघायचा. मी आधी किल्ल्या काढून घेतल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचे, पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवायचं. प्लगच्या भोकांतून कारंजी उडतात. मग चेंबरचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, हाउसिंगचं तेल, सगळं काढायचं, नवं भरायचं, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बदलायचं. ब्रेकचे ड्रम उघडून वाळवायचे. आठ दिवसांत चौदा गाड्या केल्या, चौदाही चालल्या. त्यातल्या तीन दुसरीकडे आधीच स्टार्ट करून बघितलेल्या होत्या. त्या चालल्या, पण इंजिन उतरवून. वहीत त्या पानांवर अजून चिखलाचे डाग आहेत.

शेवटचा मुद्दा वयाचा. २०१३ साली राज्य सरकारने टॅक्सीचं आयुष्य २५ वर्षांवरून २० वर्षांवर आणलं. मी त्याविरुद्ध मोर्चाला गेलो नाही. आमच्या गल्लीतल्याच कितीतरी गाड्यांच्या तळाला भोकं होती, पाय ठेवला तर रस्ता लागेल अशी. अशा गाडीत मी माझ्या नातीला बसवलं नसतं. माझ्या वहीत एका वेळी चाळीस गाड्या, लाइनीवर हजारो. सरकारने नियम हजारोंसाठी करायचा असतो, आणि गाडी किती जपली हे मोजायचं माप कुणाकडे नव्हतं. जन्मतारीख तेवढी कागदावर होती. माझ्या वह्या होत्या, पण त्यावर शिक्का नव्हता. पासिंगला कुणी कधी विचारलं नाही की तेल मागच्या वेळी कधी बदललं. बुवांनी पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न सबंध शहराने कधीच विचारला नाही, आणि मग वयावर बोट ठेवण्यावाचून काही उरलं नाही.

काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवला नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ला. वीस वर्षांचा हिशेब २९ ऑक्टोबर २०२३ला पुरा झाला. त्याच्या दीडेक महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या. टीव्हीवर दोन्ही दाखवलं. मी गॅरेज त्याच्या कितीतरी आधी, २०१४ला बंद केलं होतं.

बंद केलं त्या वर्षीच खेडच्या चाचांची गाडी निघाली. ९४ची नोंदणी, वीस वर्षं पुरी. तेही थकले होते, दृष्टी कमी झालेली, पुढे गाडी घेणार नव्हते. परमिट संपायला चार दिवस उरले असताना सकाळी सातला गाडी पिंपळाखाली आणून लावली.

"आता काय काढलंत, चाचा?"

"ग्रीसिंग."

"अहो, सोमवारी ती भंगारात जाणार."

"सोमवारी ना? आज गुरुवार हाय, मेस्त्री. चार दिस पॅसिंजर बसनार."

मी गाडीखाली शिरलो. सांध्यांना ग्रीस भरलं. जुनं काळं बाहेर आलं, मागोमाग पिवळं दिसलं तेव्हा पंप थांबवला. ब्रेक ऑइलची पातळी बघितली. होज दाबला, पट्टा अंगठ्याने दाबला, अर्धं बोट लवला, जेवढा लवायला हवा तेवढाच. पैसे घ्यायला नको म्हणालो, तर चाचांनी नोट खिशात कोंबली आणि गेले. भायखळ्याच्या बाजूला वळताना ब्रेकचा दिवा लागलेला दिसला.

सातव्या वहीत त्या पानावर शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे : ग्रीसिंग केलं. पट्टा पाहिला, ठीक.